गोटी आली की चहा

मुनव्वर मिस्त्रीच्या खिशात तंबाखूची पुडी असते, ओळंब्याची दोरी असते आणि एक हिरवी काचेची गोटी असते. तंबाखू बायकोपासून लपवण्यासाठी, दोरी कामासाठी. गोटीचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण दिंद्रुडच्या बाजारापासून दोन कोसांवर असलेल्या त्या गावात मिस्त्रीपेक्षा त्याच्या गोटीलाच लोक जास्त ओळखतात.

ती खेळायची गोटी नाही. गोटी सोड्याच्या बाटलीतली आहे. बाजारात एकदा बाटली फुटली आणि गोटी गडगडत मुनव्वरच्या पायाशी आली, तेव्हा तो विशीत होता. आज तो बासष्टचा आहे, दाढी पांढरी झाली, गुडघे कुरकुरतात, पण गोटी आहे तशीच आहे.

मुनव्वरनं घरंही पुष्कळ बांधली. त्याचं त्याला कौतुक नाही. "घर काय, कोन्ही बी बांधतंय," तो म्हणतो, "पानी काढून द्यायला अक्कल लागती." त्याचं खरं काम दारापुढच्या पाइपाचं. गावात प्रत्येक घरापुढून नाली वाहते. मोटारसायकल अंगणात न्यायची तर नालीवरून न्यावी लागते, म्हणून गेटापुढं नालीत सिमेंटचा पाइप टाकायचा, वर मुरूम भरायचा, काँक्रीट ओतायचं. माणसं वरचं काँक्रीट चोपून-चापून गुळगुळीत करून घेतात, नवऱ्या मुलाला हळद लावावी तसं. आतल्या पाइपाला उतार आहे की नाही, हे बघायला कुणी वाकत नाही. मुनव्वर वाकायचा. नुसता वाकायचा नाही, पोटावर आडवा पडायचा. पाइपाच्या वरच्या तोंडाशी गोटी सोडायची, उठून खालच्या तोंडाशी जायचं आणि ओंजळ धरायची. गोटी आपसूक ओंजळीत आली की काम झालं. मग हात धुवायचे आणि त्या घरचा चहा प्यायचा. गोटी आल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, मग घरमालकीण कितीही आग्रह करो. पाइप उकरायचा, पुन्हा बसवायचा. गावात म्हणच पडली होती, गोटी आली की चहा.

अशा माणसानं आयुष्यात एक पाइप उलटा टाकला. चुकून नव्हे, चांगला जाणूनबुजून.

वाणी गल्ली मारुतीच्या पारापासून निघते आणि दक्षिणेला ओढ्यात उतरते. अकरा घरं एका ओळीत. पाणी पाराकडून ओढ्याकडं जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. याच ओळीत शेवटून तिसरं घर बसप्पा आप्पाचं. किराण्याचं दुकान, स्वभाव कडक, पण वेळेला धावून जाणारा माणूस. बारा वर्षांपूर्वी त्यानं नवं घर बांधलं, तेव्हा कुणीतरी शहरातून वास्तूचा एक जाणकार आणला. त्यानं होकायंत्र फिरवून सांगितलं की पाणी दक्षिणेला जातंय, हे बरं नाही. दारापुढं तरी पाण्याचं तोंड उत्तरेला पाहिजे. आप्पाच्या बैठकीत महात्मा बसवेश्वरांचा भला मोठा फोटो होता. असल्या खुळांना ज्यांनी कधी थारा दिला नाही, त्यांच्याच फोटोखाली बसून आप्पानं हे मान डोलावत ऐकून घेतलं. माणसाचं असंच असतं. देव्हाऱ्यात एक आणि डोक्यात एक.

"मिस्त्री, पाइपाचं ओढ्याकडचं तोंड दोन बोटं वर घे," आप्पा म्हणाला.

मुनव्वरला आधी वाटलं, थट्टा आहे. "आप्पा, पानी वर चढत नसतंय."

"मागून रेटा आला की जातंय पुढं. दोन बोटांनी काय व्हतंय?"

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मुनव्वरनं थापी उचलली असती आणि सरळ घर गाठलं असतं. पण त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. शहजादीला, त्याच्या बायकोला, गवत कापताना पान लागलं होतं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तसं म्हणायचं, एवढंच. त्या दिवशी गावात गाडी होती ती फक्त आप्पाची जीप. आप्पानं दुकानाचं शटर तसंच उघडं टाकलं आणि शहजादीला अंबाजोगाईला नेलं. दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. शहजादी वाचली. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मुनव्वरनं दोन बोटं उचलली.

तरी सवयीनं त्यानं गोटी सोडली. ती हातभर आत गेली, थबकली आणि परत त्याच्याच हातात आली. आप्पा शेजारी उभा होता. दोघांनीही ती पाहिली आणि मुनव्वरनं ती खिशात टाकली. आप्पाची बायको महादेवी चहा घेऊन आली, तेव्हा मुनव्वर म्हणाला, "नको वहिनी. शुगर निघालीय."

तेव्हापासून बारा वर्षं मुनव्वरला फक्त आप्पाच्याच घरी शुगर होती. बाकी गावात तो दोन-दोन चमचे साखर घालून प्यायचा.

पाइप आपल्या जागी गप्प राहिला. पण पाणी गप्प राहत नसतं. गावात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी आख्खी गल्ली धुणी-भांडी, अंगणं, गाड्या सगळं धुऊन काढते आणि नाली तुडुंब भरते. आप्पाच्या पाइपाशी ते पाणी अडायचं आणि मागं फुगायचं. मागं घर होतं केसरबाईचं.

केसरबाई एकटी बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, लेक सासरी. उन्हाळ्यात गावभर शेवया करून द्यायची, एरवी कुणाच्या शेतात खुरपायला जायची. घर मातीच्या भिंतीचं, वर पत्रे. नळाच्या दिवशी नालीतलं काळं पाणी तिच्या दाराच्या दगडाला लागायचं. ती एक लांब वेळू घेऊन उभी राहायची आणि नाली ढोसत बसायची. गल्लीनं निकाल लावून टाकला होता: ही बाई चुलीची राख नालीत टाकती, म्हणून तुंबतंय. अकरा घरांत चूल पेटणारं तिचंच एक घर राहिलेलं, बाकीच्यांकडं गॅस. संशयाला एवढं पुरेसं होतं. तिनं आधी दोन-तीन वर्षं भांडून पाहिलं. मग ती गप्पच बसायला लागली. गप्प बसलं की लोकांना वाटतं, कबूल झालं.

मुनव्वर तिच्या दारावरून जायचा तेव्हा मान खाली घालायचा. तिच्या पुढच्या भिंतीला ओलीनं लोणा लागला, मग पोपडे निघाले, आणि या हिवाळ्यात भिंतीला चक्क पोट आलं. मिस्त्रीचा डोळा तो. अजून एक पावसाळा ही भिंत काढत नाही, हे त्याला एका नजरेत कळलं. आणि त्या भिंतीच्या आत केसरबाईची बाज होती.

अशात जानेवारीत ग्रामपंचायतीचा ठराव आला. ग्रामसेवक रविराज, गाव त्याला भाऊसाहेब म्हणतं, तरुण पोरगा, कामाला चिवट. रविवारी सकाळी पारावर गल्ली जमवून त्यानं समजावून सांगितलं, "ज्यांच्या दारापुढचे पाइप फुटलेत, बुजलेत, त्यांना ग्रामपंचायत नवे पाइप देणार. खोदाई आणि बसवणं घरमालकाचं, मिस्त्री तुमच्या पसंतीचा. घराचा नमुना आठचा उतारा आणि अर्ज द्या. पण अट एकच हाय. आख्खी ओळ एका लेव्हलला झाली पाहिजे. एका घरानं जरी न्हाई म्हणलं, तर ती ओळ वगळणार आणि पाइप वेशीकडच्या गल्लीला जाणार. पुढच्या रविवारपर्यंत सह्या द्या."

आठवड्यात दहा सह्या झाल्या. केसरबाईनं तर पहिल्याच दिवशी अंगठा नको म्हणून वळवून वळवून सही केली. अकरावी सही बसप्पा आप्पाची. ती होईना.

"माझा पाइप धड हाय. कावून फोडू?" आप्पा प्रत्येकाला हेच सांगायचा. "त्या बाईला राख टाकायची बंद करा म्हणावं."

शुक्रवारी नमाज झाल्यावर मुनव्वर दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा शेंगदाण्यातले खडे वेचत होता.

"आप्पा, सही करून टाका."

"न्हाई."

"तुमाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. भिंत बगितली का तिची?"

आप्पानं खडा उचलला, निरखून पाहिला, आणि आवाज खाली आणला. "फोडल्यावर काय दिसंल, मुनवर? उलटा उतार दिसंल. बारा वर्षं मी त्या बाईला चारचौघात बोललोय. माझ्या तोंडानं बोललोय. आता कोणतं तोंड घिऊन उभा राहू?"

मुनव्वर दुकानाची पायरी उतरला. आप्पा हट्टी नव्हता, लाजला होता, आणि लाजलेला माणूस हट्टी माणसापेक्षा अवघड. हट्टी माणूस कधीतरी थकतो तरी.

घरी शहजादीनं त्याचा चेहरा पाहूनच विचारलं, "क्या हुआ जी?" त्यानं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच ती म्हणाली की आप्पानं माझा जीव वाचवलाय, त्याची इज्जत भर गल्लीत निघता कामा नये. मुनव्वरला हायसं वाटलं. मग ती पुढं म्हणाली, "पर केसरबाई मर गई तो?" आणि सूप घेऊन आत गेली. बायका असं अर्धं बोलून आत का जातात, हे मुनव्वरला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. उरलेलं अर्धं आपलं आपण शोधायचं असतं.

रविवारी पारावर गल्ली जमली. भाऊसाहेबाच्या मांडीवर यादी. आप्पा कडेला, हाताची घडी घालून. केसरबाई बायकांच्या मागं, भिंतीला टेकून.

"अकरावी सही न्हाई," भाऊसाहेब म्हणाला. "मग मी ही ओळ वगळतो. काय करता?"

लोकांनी केसरबाईकडं पाहिलं. बारा वर्षांची सवय. आप्पाकडं बघायला कुणी धजेना, मग बघायला तीच सापडली. कुणीतरी म्हणालंही, "ही राख न टाकती तर येळच आली नसती." केसरबाईनं पदर तोंडाशी धरला.

मुनव्वर उठून उभा राहिला.

"भाऊसाहेब, आप्पाच्या दारचा पाइप उलटा पडलाय. त्यानं पानी अडतंय. राखंनं न्हाई." त्यानं घसा साफ केला. "मीच टाकलाय त्यो. लेव्हल चुकली माझी. आप्पाला ह्यातलं काय बी ठावं न्हाई."

आप्पाच्या हाताची घडी सुटली.

गल्लीतला दूधवाला रामहरी मुनव्वरच्या बरोबरीचा, दोघं एका इयत्तेत नापास झालेले. त्यानंच विचारलं, "आन गोटी? गोटी टाकली न्हवती का बे?"

पहिलं खोटं मुनव्वरनं ठरवून आणलं होतं. हे दुसरं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ते जड गेलं. "न्हाई टाकली," तो म्हणाला. "घाईत होतो."

"घ्या! चाळीस वर्षं गोटीचा डंका, आन हिकडं बाईचं घर पान्यात!" रामहरी हसला. बाकीचे हसले नाहीत, पण हसले असते तर बरं झालं असतं. आप्पानं कागद ओढला आणि सही केली.

ओळ मंजूर झाली. पाइप ट्रॅक्टरमधून आले, पाराशी उतरले. पण मिस्त्री निवडायची वेळ आली तेव्हा अकरापैकी सहा घरांनी माजलगावचा मिस्त्री सांगितला. रामहरीनंही. त्यात दुष्टावा नव्हता. ज्याच्या हातून एक पाइप उलटा पडला, त्याच्या हातात आपलं दार कोण देईल? मुनव्वरला ते पटत होतं आणि पटत होतं म्हणूनच जास्त लागत होतं. तो शहजादीला म्हणाला, "नाव गेलं बघ." ती म्हणाली, "भिंत रहेगी." त्यानं मान हलवली, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. चाळीस वर्षांची कमाई होती ती, नाव म्हणजे.

आप्पानं मात्र मुनव्वरच सांगितला. केसरबाईनंही.

आप्पाच्या दारचं काम फेब्रुवारीतल्या एका सकाळी निघालं. अख्खी गल्ली बघायला. दुसऱ्याचं काँक्रीट फुटताना बघण्यात एक सुख असतं, ते कुणी चुकवत नाही. घणानं वरचं काँक्रीट फोडलं, मुरूम ओढला, जुना पाइप उघडा पडला. अर्ध्यापर्यंत गाळ. रामहरीनं फावड्यानं गाळ वर काढून पालथा केला. चिखल, पिशव्या, एक तुटकी चप्पल.

"राख कुठंच दिसंना," तो म्हणाला.

मुनव्वर चरात उतरला, लेव्हलच्या नळीत पाणी भरून दोन्ही टोकं जुळवली, खाली खडीचा थर दाबला, नवा पाइप बसवला. ओढ्याकडं एक बोट उतार. मग तो पोटावर आडवा पडला आणि खिशात हात घातला.

"ह्या बारीला तरी गोटी टाक बे," रामहरी वरून म्हणाला. "घाई करू नगंस."

लोक हसले. मुनव्वरही कसंनुसं हसला. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला आप्पा उठला. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा सावरत चराच्या काठाशी आला.

"रामहरी, गप ऱ्हा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तरी सगळे गप्प झाले. "त्या दिशी बी टाकली व्हती त्यानं गोटी. माझ्या डोळ्यादेखत टाकली व्हती. आन ती परत आली व्हती."

"आप्पा, जाऊ द्या," मुनव्वर पडल्या पडल्या म्हणाला.

"कावून जाऊ दिऊ? बारा वर्षं जाऊच दिलं की." आप्पाला धाप लागली. "त्याची लेव्हल चुकली न्हाई. दोन बोटं मीच उचलाय लावली. वास्तूवाल्यानं सांगितलं म्हनून. त्यो न्हाई म्हनत व्हता. केसरबाई, तुजी राख न्हवती. माजी दोन बोटं व्हती."

केसरबाई आपल्या दारात वेळू धरून उभी होती. ती रडेल असं बायकांना वाटलं, शिव्या घालील असं पुरुषांना वाटलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी बारा वर्षं राख घमेल्यात भरून ओढ्याला न्हिऊन टाकती. रोज. उन्हात, तापात. तरी नळाच्या दिशी पानी आलं की मलाच वाटायचं, सांडली आसंल माज्याच हातनं थोडी."

आप्पाची मान खाली गेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या माना खाली गेल्या. उरलेल्या निम्म्यांच्या जायला हव्या होत्या.

आप्पा खाली बसला. गुडघे मोडत, एका हातानं जमिनीचा आधार घेत, पाइपाच्या ओढ्याकडच्या तोंडाशी, चिखलातच. त्यानं ओंजळ पुढं केली. "सोड, मुनवर."

मुनव्वरनं गोटी सोडली. आत घरंगळण्याचा बारीक आवाज ऐकू आला. केसरबाईसुद्धा वाकून ऐकत होती. मग गोटी टुणकन आप्पाच्या ओंजळीत पडली. त्यानं ती धोतराला पुसली आणि मुनव्वरच्या हातात दिली. हात जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"माजलगावच्या मिस्त्रीला नको म्हनून कळवतो मी," रामहरी कुणाकडं न बघता म्हणाला.

महादेवी चहा घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आतून सगळं ऐकत होती. पहिला कप तिनं मुनव्वरपुढं धरला. त्यानं हात धुतले, कप घेतला, चार पावलं चालत गेला आणि तो केसरबाईच्या हातात दिला. तिनं वेळू भिंतीला टेकवला आणि कप घेतला. आप्पाच्या घरचा चहा ती बारा वर्षांनी पीत होती.

दुसरा कप आप्पानं स्वतः आणला. "तू माज्या घरी चहा कावून घेत न्हवतास, ते मला पयल्या दिसापासून ठावं हाय," तो हळूच म्हणाला. "महादेवी बिचारी तुज्यासाठी बिनसाखरेचा करू का म्हनून इचारायची. मी तिला काय सांगनार?"

मुनव्वर चराच्या काठावर बसला. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि आवाज करत प्यायला. साखर चांगली सढळ पडली होती. रिकामी बशी पुसून त्यानं पुन्हा पुढं केली.

"आन शुगर?" आप्पानं विचारलं.

"बरी झाली," मुनव्वर म्हणाला. "वता अजून."